पोकेमॉन फायररेड परत खेळायचाय? मग आधी एक वही घ्या

परवा निपाणीहून मामाचा पोरगा आलेला, नववीत आहे, फायररेड ही पोकेमॉन पकडून लढवायची व्हिडिओ गेम संपवली म्हणून मला फोन दाखवायला लागला. बघतो तर चॅरिझार्ड लेव्हल ७८ आणि बाकीचे पाच कुणी २२ तर कुणी १९, म्हणजे सगळी गेम एकट्या चॅरिझार्डनं ओढलेली. वर म्हणतो, "दादा, आता कंटाळा आलाय, परत खेळून काय करू, सगळं माहीत आहे की." त्याला मी तेव्हाच गणपत गल्लीत नेऊन एक शंभर पानी वही घेऊन दिली आणि पहिल्या पानावर नियम लिहायला बसवलं. रात्री दोन वाजेपर्यंत झोपला नाही. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय, थोडं जास्त सविस्तर, कारण असं कंटाळलेले अजून लई जण असणार.

तर ह्या खेळाला नझलॉक म्हणतात. २०१० साली निक फ्रँको नावाच्या माणसानं पोकेमॉन रुबी स्वतःच्या कडक नियमांनी खेळली आणि त्यावर कॉमिक काढलं, तिथनं हे सुरू झालं. नझलीफ नावाचा पोकेमॉन आणि एका टीव्ही मालिकेतला लॉक, ह्या दोघांवरून हे नाव पडलं. मूळ नियम दोनच. एक, पोकेमॉन बेशुद्ध पडला की तो मेला, परत वापरायचा नाही. दोन, प्रत्येक नवीन एरियात जो पहिला भेटेल तोच पकडायचा, तो निसटला किंवा मेला तर त्या एरियातनं काही मिळणार नाही. तिसरा नियम पाठोपाठ आला, तो म्हणजे पकडलेल्या प्रत्येकाला नाव ठेवायचं. लोक ह्या तिसऱ्याला हलक्यात घेतात पण माझ्या मते सगळा जीव त्यातच आहे, त्यावर पुढं येतो.

गेम कुठली घ्यायची? पहिल्यांदा करणार असाल तर फायररेड किंवा लीफग्रीन, दोन्ही २००४ च्या, गेम बॉय अॅडव्हान्सवरच्या. रस्ते तुम्हाला पाठ असतात, जिम, म्हणजे गावोगावच्या लीडरशी मोठी लढाई होते ती जागा, कुठं काय आहे ते माहीत असतं, त्यामुळं सगळं लक्ष नियमांवर देता येतं. नव्या गेममध्ये अडचण अशी की स्वोर्ड-शील्डपासून एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे गुण, सगळ्या टीमला आपोआप मिळतो आणि तो बंदच करता येत नाही, आणि स्कार्लेट-व्हायोलेटमधनं तर सेट मोडच (तो काय ते पुढं सांगतो) काढून टाकला. जुन्या गेममध्ये हे सगळं तुमच्या हातात असतं.

आता वही. नियम डोक्यात ठेवू नका, लिहा, आणि स्टार्टर, म्हणजे सुरुवातीला मिळणारा पहिला पोकेमॉन, घेण्याच्या आधी लिहा. कारण काय, अडचण आली की डोकं वकील होतं. "हा तर माझ्या चुकीनं मेला नाही, क्रिटिकल पडला म्हणून मेला, हे धरायचं नाही" (क्रिटिकल म्हणजे नशिबानं जास्त जोरात बसलेला फटका) असं आपणच आपल्याला पटवतो आणि एकदा पटवलं की पुढच्या वेळी अजून सोपं जातं, मग तिसऱ्या जिमपर्यंत नियम शिल्लकच राहत नाहीत. वहीत लिहिलेलं असलं की भांडायला जागा नाही. पहिल्या पानावर नियम, दुसऱ्यापासून तक्ता: एरिया, कोण भेटला, नाव काय ठेवलं, किती लेव्हलला पकडला, आणि शेवटचा रकाना कुठं गेला, कुणी मारला. तो शेवटचा रकाना सुरुवातीला रिकामा असतो तेव्हा वही छान दिसते.

एरिया म्हणजे काय ह्यावर सुरुवातीलाच वाद होतो. सोपं आहे, नवीन जागेत शिरलं की वर नावाची पाटी येते, पाटी वेगळी तर एरिया वेगळा. माउंट मूनचे तीन मजले म्हणजे एकच एरिया, कारण पाटी एकच. गेममधल्या प्रोफेसर ओक सरांचं पार्सल देऊन ५ पोकेबॉल हातात येईपर्यंत जे भेटतात ते मोजायचे नाहीत, पकडताच येत नाहीत तर मोजून काय करणार. पोकेबॉल आले की मात्र चालू. रूट १ वर पिजी नाहीतर रटाटा, दुसरं काही नाही. मग लगेच पुढं पळू नका, व्हिरिडियनच्या डावीकडं रूट २२ आहे, तिथं मँकी मिळू शकतो, फायटिंग टाइपचा, पहिल्या जिमच्या ब्रॉकला तो लई उपयोगी. तिथंच रायव्हल, म्हणजे गेममधला आपला प्रतिस्पर्धी, पण उभा असतो, लढायला लावतो, तेव्हा जरा तयारीनं जा. जंगलात कॅटरपी, वीडल जास्त, पिकाचू क्वचित. कॅटरपी मिळाला म्हणून नाराज होऊ नका, १० लेव्हलला बटरफ्री होतो आणि लगेच कन्फ्यूजन शिकतो, सुरुवातीच्या गेममध्ये त्याच्यासारखा कामाचा कोण नाही.

तोच तोच पोकेमॉन परत आला तर? माउंट मूनमध्ये दहातले सात वेळा झुबॅटच येतो, आणि झुबॅट आधीच असेल तर दुसरा घेऊन करायचं काय. म्हणून एक सवलत लिहून ठेवा, जो आपल्याकडं आहे किंवा त्याच्या खानदानातला आहे तो पहिला धरायचा नाही, नवीन येईपर्यंत बघायचं. काही जण रिपेल, म्हणजे जंगली पोकेमॉन लांब ठेवणारा फवारा, मारून खालच्या लेव्हलचे वगळतात आणि हवा तो काढतात, मला त्यात गैर वाटत नाही, त्याला डोकं आणि अभ्यास लागतो. आणि शायनी, म्हणजे वेगळ्या रंगाचा दुर्मिळ पोकेमॉन, आला तर पहिला असो नसो, पकडा. जुन्या गेममध्ये ८१९२ त एकदा येतो, तो सोडून द्यायचा नियम कुठल्या माणसाला पाळता येईल.

गिफ्टमध्ये मिळणारे, म्हणजे सेलाडॉनची ईव्ही, सिल्फ कंपनीतला लॅप्रस, डोजोमधला हिटमॉनली नाहीतर हिटमॉनचॅन, हे घ्यायचे का नाही ते आधी ठरवा. मी घेतो, पण पूर्ण गेममध्ये दोनच. सफारी झोनला ५०० रुपये देऊन ३० बॉल आणि ६०० पावलं मिळतात, आत चार भाग आहेत, मी सगळं मिळून एकच एरिया धरतो, नाहीतर तिथनं बाहेर येईपर्यंत टीम लई तगडी होते आणि पुढची मजा जाते.

स्टार्टर निवडायची पण एक जुनी पद्धत आहे, ट्रेनर कार्डवर आयडी नंबर असतो, त्याचा शेवटचा आकडा १ ते ३ असेल तर गवताचा, ४ ते ६ आगीचा, ७ ते ९ पाण्याचा आणि शून्य असेल तर तुमची मर्जी. चार्मँडर आला तर पहिला ब्रॉक आणि दुसरी मिस्टी दोघंही त्याच्यावर भारी, म्हणून खरी परीक्षा चार्मँडरवाल्याची असते. फायररेडमध्ये तो १३ लेव्हलला मेटल क्लॉ शिकतो तेवढाच आधार.

आता लेव्हल कॅप. माझ्या मते मरणाच्या नियमापेक्षा हा महत्त्वाचा आहे, आणि मामाच्या पोराची गेम ह्याच एका गोष्टीनं बिघडली होती. कॅप नसेल तर माणूस काय करतो, भीती वाटते म्हणून गवतात तासन् तास फिरून सगळ्यांना १० लेव्हल वर नेतो, मग जिम येते आणि एका मूव्हमध्ये संपते. मरण्याची भीती पण गेली आणि डोकं चालवायची गरज पण गेली. कॅप म्हणजे पुढच्या जिम लीडरचा सगळ्यात मोठा पोकेमॉन ज्या लेव्हलचा आहे त्याच्या वर आपला एकही जाता कामा नये. फायररेडचे आकडे वहीत उतरवून घ्या: ब्रॉक १४, मिस्टी २१, सर्ज २४, एरिका २९, कोगा ४३, सबरिना ४३, ब्लेन ४७, जिओव्हानी ५०, आणि शेवटी चॅम्पियनपर्यंत ६३. एरिका ते कोगा मधली उडी बघा, २९ वरून एकदम ४३. तिथं तुम्हाला मोकळीक मिळते, तेव्हाच बॉक्समधल्या, म्हणजे टीमबाहेर ठेवलेल्या, मागं पडलेल्यांना वर आणून घ्या, मी दर वेळी तिथं थांबून दोन-तीन नवीन तयार करतो, कारण कोगाचे कॉफिंग सेल्फडिस्ट्रक्ट मारतात, म्हणजे स्वतःच फुटतात, आणि आपला एक तरी घेऊन जातात. कुणी कॅपला पोचला तर त्याला बॉक्समध्ये बसवा आणि दुसऱ्याला बाहेर काढा, ह्यामुळं आपोआप सगळी टीम खेळते.

सेट मोड पण लावा. ऑप्शनमध्ये बॅटल स्टाइल शिफ्ट असते, ती सेट करा. शिफ्टमध्ये समोरच्याचा एक पडला की गेम विचारते पुढचा अमुक येतोय, बदलणार का, ती म्हणजे फुकटची टीप. सेटमध्ये विचारत नाही. आणि लढाईत पोशन, म्हणजे जीव भरून देणारं औषध, वापरायचं का हे पण लिहा, मी पहिल्या खेपेला वापरायला देतो, दुसऱ्या खेपेपासून फक्त पोकेमॉनच्या हातात दिलेली बेरी.

आता सेव्ह. इम्युलेटरवर, म्हणजे फोन-कॉम्प्युटरवर जुनी गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, खेळणाऱ्यांनी ऑटो सेव्ह स्टेट सेटिंगमध्ये जाऊन बंदच करा, लोडचं बटण स्क्रीनवर दिसत असेल तर ते पण लपवा, कारण हात जातो, माझा गेलाय. आणि माझा सगळ्यात कडक नियम हा आहे की कुणी मेला की लढाई संपल्या संपल्या आधी गेममध्ये सेव्ह करायचं, मग बाकी काय ते. सेव्ह केलं की मागं जायची वाटच राहत नाही, आणि ती राहत नाही म्हणूनच पुढच्या लढाईत हात थरथरतो.

आमच्याकडं खानापूर रोडला पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसतो, मी बरीच वर्षं जुन्या कॉम्प्युटरवर खेळलो, यूपीएस नाही. मिस्टीच्या लढाईत मधेच सगळं काळं झालंय असं दोनदा झालं. म्हणून त्यावर पण एक ओळ वहीत आहे: लाइट गेली आणि तोवर कुणी मेला नसेल तर लढाई परत, तीच टीम, तोच पहिला पोकेमॉन. पण कुणी मेल्यावर लाइट गेली तर तो मेलेलाच. तुम्ही फोनवर असाल तर लढाईत कॉल आला तर काय, चार्जिंग संपलं तर काय, हे लिहा. आपल्या भागातल्या अडचणी आपल्यालाच माहीत.

आणि मेलेल्यांसाठी पीसीत एक बॉक्स. फायररेडमध्ये १४ बॉक्स आहेत, प्रत्येकात ३०, त्यांची नावं बदलता येतात. माझा शेवटचा बॉक्स त्यांचा. सोडून द्यायची पण पद्धत आहे पण मला ते जमत नाही.

नावाबद्दल सांगतो म्हटलं होतं. नाव इंग्रजी अक्षरात, १० अक्षरांत बसलं पाहिजे. मी सगळी आपल्याकडची ठेवतो, पिजीला राजहंस, जिओड्यूडला खडी, मॅजिकार्पला मांडा. तीन खेपांपूर्वी रूट ३ वर पहिलाच जिगलीपफ भेटला, त्याला कुंदा ठेवलं. जिगलीपफ तसा लढायला काही खास नाही पण एचपी, म्हणजे अंगातला जीव, भरपूर, आणि सिंग मूव्हनं समोरच्याला झोपवतो, झोपलेला पोकेमॉन पकडायला सोपा, म्हणजे पहिलाच भेटलेला निसटू नये म्हणून सगळ्यात कामाचा हाच. माउंट मूनमध्ये खालच्या मजल्यावर टीम रॉकेटच्या माणसाशी लढाई झाली, त्याच्या एकान्सनं पॉयझन स्टिंग मारला आणि कुंदाला विष चढलं. लढाई मी जिंकली. कुंदाला ९ एचपी शिल्लक, बॅगेत विष उतरवणारं अँटिडोट एकही नाही, पोशन सगळी आधीच झुबॅटांवर संपवलेली. ह्या जुन्या गेममध्ये लढाई संपली तरी विष चालूच राहतं, चालताना दर थोड्या पावलांनी एक एचपी जातो आणि स्क्रीन एकदा थरथरते. पुढं बाहेरची वाट, मागं पण तेवढीच वाट. मी वहीच्या कोपऱ्यात पावलं मोजून बघितली, बसत नव्हती, तरी चालत राहिलो. बोगद्याचं तोंड दिसायला लागलं तेव्हा स्क्रीन शेवटची थरथरली आणि कुंदा पडला असा मेसेज आला. दुकानात १०० रुपयाला अँटिडोट मिळतं. तेव्हापासून कुठल्याही गुहेत शिरताना माझ्याकडं चार असतात, आणि तुमच्याकडं पण असू देत. नाव नसतं तर तो नुसता एक जिगलीपफ होता, पुढच्या रूटवर दुसरा बघितला असता. मेलेल्याचं नाव परत कुणाला ठेवायचं नाही, हा नियम मी त्या रात्री लिहिला.

लढाईत जिवंत कसं ठेवायचं, हे पण शिकून घ्या, नुसतं नशीब नसतं. एकच मूव्ह दर वेळी सारखा लागत नाही, पूर्ण जोराच्या ८५ ते १०० टक्क्यांत कुठंतरी लागतो. समजा मिस्टीच्या स्टारमीनं आता वॉटर पल्सनं तुमचा १७ एचपी काढला. तो कमीत कमीवाला असू शकतो, म्हणजे पुढचा २० पर्यंत जाऊ शकतो. ह्या जुन्या गेममध्ये क्रिटिकल म्हणजे दुप्पट, तेव्हा ४०. आणि क्रिटिकल साधारण १६ त एकदा पडतो, म्हणजे एका जिमच्या लढाईत एखादा पडणारच असं धरून चाला. मग प्रश्न एकच, माझ्याकडं ४० च्या वर एचपी आहे का? असेल तर राहा, नसेल तर बदला. दर वेळी मूव्ह निवडायच्या आधी हा हिशोब करायचा. सुरुवातीला वेळ लागतो, चार-पाच लढाया झाल्या की आपोआप डोक्यात येतं. मामाच्या पोराला गणित आवडत नाही म्हणे, पण हे टक्के त्यानं अर्ध्या तासात बरोबर काढले.

बदलताना पण जो आत येतो त्याला एक फटका बसतो हे विसरू नका. म्हणून टीममध्ये दोन तरी असे ठेवा जे एकमेकांची कमजोरी झाकतात, एकाला पाण्याचा त्रास तर दुसरा पाणी पिणारा.

एकट्यानं एक खेप झाली की मग दोघांनी खेळा, ह्याला सोल लिंक म्हणतात. दोघं वेगवेगळी गेम खेळतात, पण एकाच रूटवर दोघांनी जे पकडले त्यांची जोडी लागते, माझा मेला की त्याचा पण मेला, आणि टीममध्ये असले तर दोन्ही, बॉक्समध्ये गेले तर दोन्ही. माझा जोडीदार बेळगावात शहापूरला राहतो, घरी कन्नड, माझ्या घरी मराठी, आम्ही दोघं दोन्ही मिसळून बोलतो. रात्री जेवण झाली की फोन स्पीकरवर टाकून दोघं खेळतो. त्याचा फोन आला की पहिला प्रश्न, "काय करूलास, रूट कुठला?" आणि काही वेळा नुसतंच हळू आवाजात "सत्त होतु ले", म्हणजे कन्नडमध्ये "मेला रे", येतं, मग मी काही न विचारता जोडीतला माझा पोकेमॉन बॉक्समध्ये टाकतो आणि वहीत रेघ मारतो. आपली चूक नसताना आपला मरणं, हे एकट्याच्या नझलॉकमध्ये नसतं. पण भांडू नका, आधी ठरवा की कुठल्या लढाईला कोण आधी जाणार, आणि दोघांनी जिम सोबतच करायची, एक पुढं पळाला की मजा जाते. आमचं एकदा असं झालं की त्याचा स्नॉरलॅक्स आणि माझा स्नॉरलॅक्स जोडीत होते, त्याचा सबरिनाकडं गेला तेव्हा माझा अजून एकदाही लढला नव्हता.

मोनोटाइप पण आहे, एकाच टाइपचे सहा. पाण्याचे घेतले तर सर्जकडं घाम फुटतो. रँडमायझरमध्ये रूट १ वरच काहीही भेटू शकतं, ते मला गंमत म्हणून ठीक वाटतं, पण पाठ असलेले रस्ते उपयोगी पडत नाहीत म्हणून पहिल्यांदा नको. फायररेडवरच बनवलेली रॅडिकल रेड आहे, ती अवघड आहे, चार-पाच खेपा झाल्याशिवाय हात लावू नका.

सहाही मेले तर काय? बॉक्समध्ये अजून दहा असले तरी माझ्याकडं खेप तिथंच संपते. काही जण बॉक्समधनं नवीन टीम काढून पुढं जातात, ते पण चालतं, पण ते पहिल्या पानावर आधी लिहिलेलं पाहिजे.

पोरगा निपाणीला परत गेला आणि काल रात्री वहीच्या पानाचा फोटो पाठवला. पाच नावं, चार रकाने भरलेले, शेवटचा रकाना एकाच ठिकाणी भरलाय: "ब्रॉक, ओनिक्स." खाली पेन्सिलनं लिहिलंय, क्रिटिकल धरला नव्हता. मी पण नवीन वही काढलीय, ह्या वेळी आयडीचा शेवटचा आकडा २ आला म्हणजे बल्बासोर, नाव तुळस, ब्रॉकपर्यंत १४. रूट २२ ला उद्या रात्री जाणार आहे, शहापूरवाल्याचा फोन आल्यावर.